चौसष्ट पानांची वाट

माझ्यावर कुणी कसलाही आरोप करावा. पण मी एखादं काम एका पानात आटोपलं, असा आरोप माझा वैरीसुद्धा करणार नाही. आणि मॅडमनी नेमकं एकच पान मागितलं होतं.

मॅडम म्हणजे आमच्या कारखान्याच्या नव्या व्यवस्थापक. वय चौतीस, चालणं पळाल्यासारखं. एका सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. एकोणतीस वर्षांत त्या केबिनमध्ये मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

“येत्या दोन वर्षांत तुमच्या तपासणी विभागातले अकरा जण निवृत्त होतायत,” त्या म्हणाल्या. “विभागात एकूण माणसं किती?”

“अकरा,” मी म्हणालो.

“हेच. संरक्षणाच्या कामात नवी मुलं येतच नाहीत. आत यायची वाटच नाही ना कुठे! ती तुम्ही बनवा. अगदी नवख्यानं कुठून शिरायचं, काय शिकायचं, पुढे कुठे जायचं. एका पानात लिहा. आणि पुढच्या महिन्याच्या तीस तारखेच्या आत निदान एक माणूस त्या वाटेनं कामाला लागला पाहिजे. नाहीतर वरचे लोक तुमचं काम बाहेर देऊन मोकळे होतील.”

मी बाहेर आलो तो जमिनीपासून चार बोटं वरून चालत.

आता आमचं काम काय, ते सांगायला हवं. पण ते सांगता येत नाही, कारण ते गुपित आहे. आणि दुसरं कारण असं की ते मला माहीत नाही. माझ्याकडे रोज लाकडी ट्रेमधून चाळीस-चाळीस कडी येतात. करड्या धातूची, तळहाताएवढी, आतून गुळगुळीत. माझ्या हातात दोन टोकांचं एक गेज असतं. त्याचं एक टोक कड्यातून जायला हवं आणि दुसरं जाता कामा नये. जाणारं गेलं, न जाणारं अडलं, की कडं पास. मग ते खिडकीतून पलीकडच्या शेडमध्ये जातं. त्या शेडला लाल पास लागतो. माझा पास हिरवा. कडं पुढे कशात बसतं, हे मला एकोणतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सुरुवातीला भीतीनं विचारलं नाही आणि नंतर नंतर लाजेनं.

पण इमारतीत मात्र माझा काय दरारा होता म्हणून सांगू! पाण्याच्या टाकीवरून भांडणं झाली तरी माझ्याशी आवाज चढवून कुणी बोलायचं नाही. माझी भाची लहान होती तेव्हा दर रविवारी माझ्या गुडघ्याला लोंबकळून विचारायची, “मामा, तुम्ही काय बनवता?” मी इकडे पाहायचो, तिकडे पाहायचो, आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचो, “सांगता येत नाही. गुपित आहे.” तिचे डोळे असे मोठे व्हायचे! खोटं कशाला सांगू, त्या डोळ्यांवर माझा पुढचा आठवडा निघायचा.

तर मी लिहायला बसलो. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले, चार रंगांच्या पेन्सिलींना टोकं काढली आणि बायकोला बजावलं, “यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये.” तिनं ते फक्त वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, आणि तेही गुपित म्हणूनच. त्या रविवारी माझ्या टेबलाभोवती तिघं जण येऊन बसली होती. वरच्या काकू, शेजारचे निवृत्त हेडमास्तर आणि तळमजल्यावरचे विमेवाले. तिघांपैकी कुणी आयुष्यात कारखान्याचं फाटक पाहिलं नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला तिघंही मोकळी होती.

“निबंधाशिवाय माणूस कळत नाही,” हेडमास्तर म्हणाले. “‘माझे ध्येय’. तीनशे शब्द. खाडाखोड चालणार नाही.”

“त्याआधी दात मोजा,” विमेवाले म्हणाले. “बत्तीसच्या बत्तीस असलेला माणूस शिस्तीचा असतो. आमच्या धंद्यातला अनुभव आहे.”

काकूंनी आधी चहा संपवला. मग म्हणाल्या, “पोहता यायला हवं.”

“काकू, आपलं काम जमिनीवर चालतं.”

“सैन्य पाण्यावर पण असतं ना?”

माझं कडं जमिनीवर जातं की पाण्यात, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! पण ते कबूल करण्यापेक्षा नियम लिहिणं सोपं होतं. निबंध झाला नियम बारा, दात झाले नियम अठरा, पोहणं झालं नियम एकोणीस. शेजारधर्म म्हणून काही असतो. असे तीन रविवार गेले आणि योजना चौसष्ट पानांची झाली. त्यात ‘संरक्षण क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही अट कुणाची, म्हणून पुढे फार आरडाओरडा झाला. ती माझी होती. नवख्यांसाठीच्या जागेला अनुभवाची अट घालताना आम्हा चौघांपैकी एकालाही काही वावगं वाटलं नाही, एवढंच मी माझ्या बचावासाठी सांगू शकतो.

याखेरीज आणखी तीन गोष्टी सल्ल्याशिवाय, निव्वळ माझ्या होत्या. पहिली म्हणजे नियम एक: ‘कारखान्यात पाहिलेले घरी सांगू नये. घरी म्हणजे आई, वडील, भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी व त्यांचे यजमान.’ यादी करताना कुणी सुटू नये म्हणून मी बोटांवर मोजली होती. दुसरी म्हणजे नववं पान. त्यावर मी लिहिलं होतं की नव्या माणसानं आधी प्रत्येक शेडमध्ये एकेक आठवडा काढावा, लाल पासाच्या शेडमध्येसुद्धा, म्हणजे आपण बनवतो ते कशाला लागतं हे त्याला पहिल्या महिन्यातच कळेल. ते पान लिहिताना मला कुणाच्या सल्ल्याची गरज लागली नाही. पेन्सिल आपोआप चालत होती.

आणि तिसरी गोष्ट, नियम एक्केचाळीस. तो कसा जन्माला आला ते सांगतो. बायको चहाचे कप ठेवता ठेवता हळूच म्हणाली, “अहो, आपल्या पोरीला घ्या की यात.”

आपली पोर म्हणजे तीच भाची. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती ताईची कमी आणि आमची जास्त. आता मोठी झाली होती, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम करत होती. दुकानवाला दुकान बंद करणार होता. नऊ कारखान्यांत जाऊन आली बिचारी. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव काय? “मिक्सरचा आहे,” ती सांगायची आणि समोरचा हसायचा. “मामा, मोठ्या कामाचा अनुभव कुठून आणू? मोठं काम कुणी देईल तर ना!” असं ती मला विचारायची आणि मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचो. तीस तारखेला तिला अठ्ठावीस पूर्ण होणार होती आणि सगळीकडे वयाची अट तीच, अठ्ठावीस पूर्ण नकोत.

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही, किंवा त्यामुळेच म्हणा, बायकोचं ते वाक्य ऐकून माझ्यातला सत्पुरुष जागा झाला. बायको पुन्हा चहा टाकायला आत गेली. मी ताडकन उभा राहिलो आणि तिघांसमोर खणखणीत आवाजात लिहिता लिहिता वाचलं, “नियम एक्केचाळीस: योजनाकाराचे कोणतेही नातेवाईक या योजनेस पात्र असणार नाहीत. नियम बेचाळीस: नियम एक्केचाळीस कोणत्याही परिस्थितीत शिथिल होणार नाही!” हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. विमेवाल्यांनी डोळे पुसले. स्वतःच्या पायावर एवढा मोठा धोंडा इतक्या टाळ्यांच्या गजरात क्वचितच कुणी पाडून घेतला असेल.

योजना मुख्य कार्यालयात गेली आणि आठ दिवसांत मंजूर होऊन आली. एवढ्या लवकर आली म्हणजे कुणी वाचलीच नाही, हे मला कळायला हवं होतं. मला वाटलं, आवडली.

जाहिरात लागली आणि ठरल्या दिवशी फाटकाशी त्रेचाळीस उमेदवार जमले. तिथेच पहिलं घोडं अडलं. रखवालदार म्हणाला, “पास असल्याशिवाय आत सोडत नाही.” पास कुणाला मिळतो? तर कामगाराला. कामगार कधी होणार? आत गेल्यावर. रखवालदार आणि मी यावर पाऊण तास बोललो. शेवटी फाटकाबाहेर दोन स्टुलं टाकून मुलाखती सुरू झाल्या.

कागद तपासायला माझ्या शेजारी आस्थापना विभागातला कारकून बसला होता. या गृहस्थाला सगळा कारखाना ‘त्रुटी’ म्हणतो. कुठलाही कागद हातात घेतला की तो आधी चष्मा पुसतो आणि मग समाधानानं म्हणतो, “त्रुटी आहे.” अनुभवाच्या अटीवर त्यानं बेचाळीस उमेदवार दहा मिनिटांत घरी पाठवले. उरला एक. त्याला मात्र संरक्षण क्षेत्रातला पस्तीस वर्षांचा अनुभव होता, अक्षर मोत्यासारखं होतं आणि पोहताही येत होतं. मी मान वर करून पाहिलं. समोर आमचेच नाना उभे होते! गेल्या वर्षी आमच्याच विभागातून निवृत्त झालेले. निरोपाचं भाषण मीच केलं होतं.

“नाना, तुम्ही?”

“घरात सून टेकू देत नाही रे. म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.”

“अहो, वयाची अट आहे, अठ्ठावीस!”

“ती कुठल्या पानावर होती? मी दातांपर्यंतच वाचलं. आणि दात बत्तीस आहेत हो माझे, मोजून घे. काढून देऊ का हातात?”

त्रुटीनं चष्मा पुसला. बसवलेले दात धरावेत की धरू नयेत, याबद्दल योजना गप्प होती. त्यानं मुख्य कार्यालयाला लेखी विचारणा करायचं सुचवलं. तेवढ्यात मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्याचं माझ्या लक्षात आलं. त्यांनी चौसष्ट पानं उभ्या उभ्या चाळली. चाळता चाळता त्यांचा चेहरा बदलत गेला आणि नवव्या पानावर मात्र थांबला.

“हे पान छान आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीची काय भानगड आहे?”

“बाकीची वाट आहे, मॅडम.”

“ही वाट नाही हो. ही भिंत आहे. आज बावीस तारीख. तोडा.”

मी दोन दिवस माझीच योजना कापत बसलो. त्रुटीचा आग्रह असा की कापलेल्या प्रत्येक नियमापुढे कारण हवं आणि योजनाकाराची सही हवी. ‘पोहणे: सध्या आवश्यकता भासत नाही.’ सही. ‘दात: पुरेसे असावेत.’ सही. काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. अनुभवाची अट कापताना पेन्सिल दोनदा मोडली. शेवटी काय उरलं? गुपिताचा नियम, वयाचा नियम, नववं पान, हातांची एक परीक्षा आणि एक्केचाळीस-बेचाळीसची ती जोडी. तिला मी हात लावला नाही. तिच्यासाठी मला टाळ्या मिळाल्या होत्या.

हातांच्या परीक्षेचं कौतुक मला आजही आहे. मी असं ठरवलं की उमेदवाराचं नाव नको, तोंड नको, बोलणं नको. मध्ये पडदा, पडद्याला दोन भोकं, त्यातून नुसते हात बाहेर. वशिल्याला जागाच नाही! पडद्यासाठी आमची पलंगावरची चादर नेली. बायकोनं आश्चर्य म्हणजे काही कुरकुर केली नाही, उलट भोकांच्या कडाही तिनंच शिवून दिल्या. इथेही मी सावध व्हायला हवं होतं.

सत्तावीस तारखेला पुन्हा अर्ज मागवून निवडलेले आठ जण आले. नावं फक्त त्रुटीला ठाऊक, मला नुसते क्रमांक. प्रत्येकापुढे चाळीस कड्यांचा ट्रे आणि गेज. कसं वापरायचं ते मी एकदा सांगायचो. चाळीसात तीन कडी मी मुद्दाम वाईट टाकली होती. क्रमांक एकनं गेज ठोकून बसवलं. क्रमांक दोनच्या हातून ट्रे माझ्या पायावर पडला. क्रमांक चारनं सगळीच कडी पास केली आणि वर वेळ मोजायला ठेवलेलं माझं घड्याळही ट्रेमध्ये ठेवलं. मी लंगडत पुढे गेलो.

आणि मग क्रमांक सहाचे हात बाहेर आले. अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण. आधी त्या हातांनी गेज पुसलं, मग कडं पुसलं. गेज दाबलं नाही, नुसतं कड्यावर ठेवलं आणि सोडलं, आपल्या वजनानं जातंय का ते पाहायला. हे मला शिकायला चार वर्षं लागली होती हो! तीन वाईट कडी बाजूला झाली. मी खूण करणार, तेवढ्यात त्या हातांनी चौथं कडं उचललं, गेज अर्धं फिरवलं आणि तेही बाजूला ठेवलं. मी ते कडं घेऊन पाहिलं. एका बाजूनं केसभर लांबट होतं. ते आदल्या दिवशी मीच पास केलेलं होतं.

आधी माझा अपमान झाला. मग मी पुन्हा त्या हातांकडे पाहिलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि माझ्यानंतर हे गेज कुणाच्या हातात जाणार, ही चिंता मला आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, “क्रमांक सहा! मला हेच हात पाहिजेत!” कागदावर शाईनं लिहिलं, खाली सही ठोकली आणि चादर बाजूला ओढली.

पलीकडे माझी भाची बसली होती.

“मामा, रागावू नका,” ती म्हणाली. “मामीनं अर्ज आणून दिला होता.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्रुटीनं चष्मा काढला. पुसला. सावकाश डोळ्यांवर चढवला. “नियम एक्केचाळीस,” तो म्हणाला. मी म्हणालो, कापू या. “नियम बेचाळीस,” तो म्हणाला. आवाजात द्वेष नव्हता. माझ्या नियमांचा खराखुरा आदर करणारा कारखान्यात तो एकटाच होता.

“तू योजना वाचली नाहीस का गं?” मी तिला विचारलं.

“वाचली ना. ती चौसष्ट पानांचीच, चाळिसाव्या नियमापर्यंत वाचली. मग झोप लागली.”

संध्याकाळी घरी सभा भरली. ताई आली होती. तिला परिस्थिती समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, “हे बघ, नात्याचीच अडचण असेल तर मी नातं तोडते. आण कागद. लहानपणापासून तोडायचं होतंच.” मी म्हणालो, त्रुटीला विचारलं मी, रक्ताचं नातं कागदानं तुटत नाही. त्रुटी म्हणाला होता की वाट एकच आहे. नियम योजनाकाराच्या नातेवाइकांना आहे. तुम्ही योजनाकार नव्हताच, असं लिहून दिलंत तर नियम तुमच्या भाचीला लागत नाही. फक्त मग योजनाकार म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागेल. ज्याला नातेवाईकच नाहीत असा माणूस बरा.

“असा कोण आहे?” बायकोनं विचारलं.

“तो स्वतः.”

फाटकावर पितळी पाटी लागायची होती. ‘प्रवेशमार्ग’, आणि खाली माझं नाव. पाटीचा नमुना मी तीनदा पाहून आलो होतो. एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंना पास-नापास करत आलो, आणि जन्मात पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी बनवलं होतं. वाकडंतिकडं का असेना, माझं होतं!

भाची त्याच टेबलावर मामीचा मिक्सर उघडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, “असू दे, मामा. तुमचं नाव राहू दे त्याच्यावर. मला मिळेल कुठेतरी.”

आणि सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. मग तिनं मिक्सरचा स्क्रू फिरवला, तो फिरेना, आणि तिनं बाहीनं डोळे पुसले. स्क्रू फिरत नाही म्हणून ही मुलगी कधी रडलेली नव्हती.

बायको माझ्याकडे पाहत होती. “एकोणतीस वर्षं लोकांची कडी तपासलीत,” ती म्हणाली. “आता स्वतः एक बनवलंत, तर त्याला लावा की गेज. जायला हवं ते जातंय का त्यातून?”

आमचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. ती बाई माझ्या कामाबद्दल एवढं नीट कधी बोलली नव्हती. मी म्हणालो, “एक नियम बनवला, तर एवढं बोलायचं?” आणि मिठाची गुळणी धरून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्रुटीपुढे जाऊन बसलो. त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं: ‘मी खाली सही करणार लिहून देतो की सदर योजनेतील एकही ओळ माझी नाही.’

“नववं पान तेवढं माझं राहू दे की,” मी म्हणालो.

“एकही ओळ म्हणजे एकही ओळ.”

“अहो, ते एकच तर चांगलं होतं.”

“म्हणूनच,” त्रुटी म्हणाला. मग चष्मा पुसत खालच्या आवाजात म्हणाला, “मी ते तीनदा वाचलं. मलाही कुणी दाखवलं नाही हो इथे काय बनतं.” मी सही केली. अठ्ठावीस तारखेला भाचीच्या हाती नेमणुकीचं पत्र पडलं. मॅडमनी सगळं पाहिलं, काही विचारलं नाही आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

पाटी लागली त्या दिवशी त्रुटीनं वीस मिनिटं भाषण केलं. योजना लिहिताना आपण किती रविवार खर्ची घातले, कसकशा सूचना आल्या, अनावश्यक नियम कापताना पेन्सिल कशी मोडली, सगळं सांगितलं. ऐकताना मलाही क्षणभर वाटलं, काय सोसलं असेल या माणसानं! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण या नागोबानं बीळ खणल्याच्या वेदनाही सांगितल्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर जिन्यात हेडमास्तर उभे. “म्हणजे तुम्ही आम्हाला तीन रविवार बनवलंत?” ते म्हणाले. “योजना त्या कारकुनाची होती तर!” विमेवाल्यांनी मान फिरवली. काकूंचा राग वेगळाच होता. “पोहण्याचा नियम माझा होता,” त्या म्हणाल्या. “त्याचं नाव कसं काय?” हल्ली टाकीवरून भांडण झालं की आवाज माझ्यावरही चढतो.

तीन आठवडे झाले. कालच्या रविवारी भाची आली. गळ्यात पास होता. लाल. नवव्या पानाप्रमाणे तिचा तो आठवडा पलीकडच्या शेडमध्ये गेला होता. मी दोन तास धीर धरला. मग बायको स्वयंपाकघरात गेली तसा इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “काय गं, कशात बसतं ते?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “काय?”

“कडं गं! आपलं कडं. कशात बसतं?”

तिनं गळ्यातला पास सरळ केला. मग म्हणाली, “मामा, सांगता येत नाही. गुपित आहे.”

“अगं, मला काय सांगतेस! मी एकोणतीस वर्षं...”

“नियम एक,” ती म्हणाली. “त्यात मामा आहे. आत्याच्या आधी.”

“तो नियम मीच लिहिलाय! मी सांगतो, तुला सूट.”

“तुम्ही नाही लिहिलात,” ती शांतपणे म्हणाली. “एकही ओळ तुमची नाही. तुमच्या सहीचा कागद माझ्या फायलीत आहे.”

आपलेच दात, आपलेच ओठ. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. खरं सांगायचं तर मला राग आला नव्हता. मला रडू येत होतं. ते कडं कुणाला मारायला जातं की कुणाला वाचवायला, हा प्रश्न मी एकोणतीस वर्षं मनातल्या मनात फिरवत आलो होतो. ज्या एका माणसाला मी तो विचारू शकलो, त्या माणसाचं तोंड मीच शिवून ठेवलं होतं. आणि तिनं सांगितलं असतं, तर संध्याकाळी मला तिला नापास करावं लागलं असतं, हेही मला समजत होतं.

ती उठली, माझ्या खुर्चीशी आली आणि लहानपणी बसायची तशी माझ्या गुडघ्याशी खाली बसली.

“एवढं सांगते,” ती म्हणाली. “तिथे जो फिटर आहे ना, जुना, त्यानं मला पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीय? म्हणाला, बाकी सगळे भाग बसवायला हातोडी घ्यावी लागते. ही कडी मात्र हातानं बसतात. वीस वर्षांत एकदाही हातोडी लागली नाही म्हणाला. तपासतो कोण, ते त्याला माहीत नव्हतं.”

“मग तू सांगितलंस?”

“ते गुपित थोडंच आहे!”

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, चहा ठेवू का. माझ्याआधी भाचीनंच सांगितलं, ठेव, दोघांना.